ओझ्याचें जनावर व ओझ्याचा हिशेब

ज्या वाटेनें चाक जात नाहीं त्या वाटेनें ओझें पाठीवरूनच न्यावें लागतें. मग ती पाठ माणसाची असो वा जनावराची. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत आतां डांबरी रस्त्यांचें जाळें झालें आहे, गांवोगांव ट्रॅक्टर व मालमोटारी उभ्या आहेत. त्यामुळें ओझ्याच्या जनावरांचा विषय जुनापुराणा झाला, असें पुष्कळांस वाटतें. परंतु पावसाळा सरला म्हणजे माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ इकडचे मेंढपाळ धनगर बिऱ्हाडांसह बाहेर पडतात, तेव्हां त्यांचें सर्व घर घोड्यांच्याच पाठीवर असतें. जावळी, पाटण, महाबळेश्वर, शिराळा या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यांतही ज्या शेताला बैलगाडीची वाट नाहीं असें शेत ठाऊक नसलेला शेतकरी विरळाच. तेव्हां हा विषय जुना असला तरी संपलेला नाहीं. अशा जनावरावर किती ओझें घालावें, तें कसें लादावें, त्याची पाठ व प्रकृति कशी राखावी, आणि धनगराचा वाडा आपल्या शेतांत उतरला असतां शेतमालकानें काय पाहावें, एवढ्याच गोष्टींचा विचार येथें करावयाचा आहे.

लामा नांवाच्या जनावराचा धडा

आरंभ दूरच्या देशापासून करितों, कारण या विषयाचें मर्म तेथें फार स्पष्ट दिसतें. दक्षिण अमेरिकेंतील पेरू व बोलिव्हिया या देशांत अँडीज नांवाचा उत्तुंग पर्वत आहे. तेथील लोकांनीं हजारों वर्षांपूर्वीं लामा नांवाचें जनावर माणसाळविलें. तें उंटाच्या कुळांतील आहे, पण त्याला मदार नसते. अंगावर लोंकर असते. आणि पूर्ण वाढलेल्या लामाचें वजन साधारणपणें सव्वाशें ते दोनशें किलो भरतें. त्याच्या पायाला घोड्यासारखा सबंध खूर नसून दोन बोटांखालीं मऊ गादी असते. त्यामुळें त्याला नाल ठोकावी लागत नाहीं, आणि खडकाळ उतारावरही त्याचा पाय सहसा निसटत नाहीं. वाटेवरचा झाडपाला व गवत खाऊन तें आपलें पोट भरतें.

अलीकडील काळांत उत्तर अमेरिकेच्या रॉकी पर्वतांत शिकारीस जाणारे लोक या जनावराचा उपयोग करूं लागले आहेत. तेथें एल्क नांवाचें फार मोठें हरीण असतें. त्याचा नर तीनशें किलोंच्याही पुढें भरतो, आणि हाडें काढून टाकिलीं तरी सुमारें शंभर किलो मांस उरतें. मोटारीच्या रस्त्यापासून कित्येक कोस आंत, डोंगराच्या कपारींत पडलेली ही शिकार बाहेर कशी आणावयाची, हा तेथील प्रश्न. तो ते लोक तीन-चार लामांच्या पाठीवर प्रत्येकीं पंचवीस ते पस्तीस किलो ओझें वांटून सोडवितात. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें शिकारीस बंदी आहे, तेव्हां त्या शिकारीशीं आम्हांस कांहीं कर्तव्य नाहीं. आम्हांस कर्तव्य आहे तें त्यांच्या हिशेबाशीं. जनावराच्या स्वतःच्या वजनाच्या चौथाईपलीकडे ओझें सहसा न घालणें, हा तो हिशेब होय.

हा हिशेब त्यांना शिकविला कोणी, तर खुद्द लामानेंच. या जनावराचा एक स्वभाव असा कीं, ओझें फार झालें किंवा तें थकलें म्हणजे सरळ खालीं बसतें. ओढलें, ढकललें तरी उठत नाहीं. उलट फुत्कारतें आणि अंगावर थुंकतें. मालकाला ओझें कमी करण्यावांचून गत्यंतरच राहत नाहीं.

आमचें तट्टू असें बसत नाहीं. आमचें गाढव तर मुळींच नाहीं. वर घालाल तेवढें घेऊन, कान पाडून, तें चालत राहतें. पाठ सोलली तरी चालतें, पाय दुखावला तरी चालतें, आणि एके दिवशीं एकदम पडतें. लामा आपला हिशेब आपण ठेवितो. आमच्या जनावराचा हिशेब मालकानें ठेवावयाचा असतो. या लेखांत सांगण्याची मुख्य गोष्ट हीच आहे. पुढें जें येईल तो तिचाच विस्तार समजावा.

आपल्याकडील ओझ्याचीं जनावरें

घाटमाथा व कोंकण यांच्यामधील व्यापार पूर्वीं बैलांच्या पाठीवरूनच चाले. चिपळूणच्या बंदरांतून मीठ व इतर माल घाट चढून कऱ्हाडकडे येई आणि देशावरचें धान्य खालीं उतरे. लमाण-वंजारी लोकांचे बैलांचे तांडे तर सैन्यांनाही धान्य पुरवीत; १८०३ च्या मराठे-इंग्रज युद्धांत वेलस्लीच्या फौजेची रसद अशाच तांड्यांवर अवलंबून होती. त्या काळीं धान्याच्या मापांत तीन मणांचा एक पल्ला धरीत. ८० तोळ्यांच्या पक्क्या शेरानें मोजल्यास तो सुमारें ११२ किलोंचा भरतो. पुढें घाटांतून गाडीरस्ते झाले, १८८०-९० च्या दशकांत पुणें-मिरज लोहमार्ग तयार झाला, आणि बैलांच्या पाठीवरील गोणी उतरून गाडींत गेली.

आज या भागांत ओझ्याचीं जनावरें मुख्यतः दोन राहिलीं आहेत. पहिलें गाढव. माती, वाळू, विटा वाहण्यास तें अजून दृष्टीस पडतें, आणि पौषी पौर्णिमेच्या सुमारास जेजुरीस भरणारा गाढवांचा बाजार प्रसिद्धच आहे. दुसरें घोडें, म्हणजे धनगरांच्या बिऱ्हाडाबरोबर चालणारें लहान चणीचें दख्खनी तट्टू. भीमेच्या खोऱ्यांतील या घोड्यास भीमथडी असें म्हणतात. मराठ्यांच्या घोडदळाच्या इतिहासांत भीमथडी तट्टांचें नांव मोठें आहे. मागाहून तीं नामशेष झालीं असेंच लोक समजूं लागले होते. परंतु हें बीज धनगरांनीं आपल्या बिऱ्हाडाबरोबर राखून ठेविलें होतें. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो या संस्थेनें आतां भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदविली आहे. सव्वा मीटरहून किंचित् उंच, काटक, थोड्या चाऱ्यावर निभावणारें असें हें जनावर आहे.

माणदेश व जत या भागांत वर्षाकांठीं पाऊस अवघा पांचशें मिलिमीटरांच्या आसपास; तोही बेभरंवशाचा. तेथून सरळ पश्चिमेस महाबळेश्वरीं तोच पाऊस साडेपांच हजार मिलिमीटरांवर जातो. एवढ्याशा अंतरांत एवढें अंतर पडल्यामुळेंच मेंढपाळास चाऱ्यामागें फिरावें लागतें. कांहीं वाडे घाट उतरून कोंकणांत भातकापणीनंतरच्या मोकळ्या रानांत जातात, कांहीं कृष्णा-वारणेच्या कांठच्या बागायतींत फिरतात, आणि मृगाच्या पावसाच्या सुमारास घरची वाट धरतात. पुरुष मेंढरें चारीत आडरानानें जातात. बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून वाटेनें पुढें जातात व मुक्कामाच्या जागीं पाल ठोकतात. पाल, वाघूर म्हणजे मेंढरांभोंवतीं लावावयाचें जाळें, भांडीं, धान्य, पाण्याच्या घागरी, कोंबड्या, नुकतीं जन्मलेलीं कोकरें, आणि कधीं कधीं लहान मूल, एवढें सगळें त्या पाठींवर असतें. अशा कुटुंबाचें एक घोडें लंगडलें म्हणजे एक चाक निखळावें तसें होत नाहीं. घराचा एक कोपराच वाटेवर राहतो.

ओझें किती घालावें?

या बाबतींत कायदा आहे, पण तो फार थोड्यांस ठाऊक आहे. ओढीच्या व ओझ्याच्या जनावरांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारे नियम मध्यवर्ती सरकारनें १९६५ सालीं केले. त्यांत पाठीवरील ओझ्याची कमाल मर्यादा येणेंप्रमाणें सांगितली आहे: लहान बैल अथवा रेडा १०० किलो, मध्यम १५० किलो, मोठा १७५ किलो, तट्टू ७० किलो, खेचर २०० किलो, गाढव ५० किलो, उंट २५० किलो. याशिवाय दिवसांतून एकंदर नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये. विश्रांति दिल्यावांचून सलग पांच तासांहून अधिक चालवूं नये. आणि जेथें उष्णतामान ३७ अंशांवर जातें तेथें दुपारीं बारा ते तीन या वेळांत कामास लावूं नये, असें सांगितलें आहे. आमच्याकडे चैत्र-वैशाखांत ३७ अंश ही कांहीं अपूर्व गोष्ट नव्हे. त्या दिवसांत पहांटे निघून अकराच्या आंत मुक्काम गांठणें हाच मार्ग होय.

हे आंकडे कमाल मर्यादेचे आहेत. तेवढें ओझें प्रत्येक जनावरावर घालावेंच, असा त्यांचा अर्थ नव्हे. आपल्या जनावराला किती झेपेल हें त्याच्या वजनावरून ठरवावें. घोड्याचा कांटा कोठें मिळणार, असें कोणी म्हणेल. परंतु शिंप्याच्या फितीनेंही घोड्याचें वजन बरेंच जवळपास काढतां येतें. पुढच्या पायांच्या मागून छातीभोंवतीं फीत गुंडाळून घेर सेंटिमीटरांत मोजावा. नंतर खांद्याच्या पुढच्या टोंकापासून ढुंगणाच्या मागच्या टोंकापर्यंत लांबी मोजावी. घेरास घेरानें गुणावें, येईल त्यास लांबीनें गुणावें, आणि त्यास ११,८८० नीं भागावें. उत्तर किलोंत येतें.

उदाहरणार्थ, एका तट्टाचा घेर १४० व लांबी १३५ सेंटिमीटर आहे. १४० गुणिले १४० म्हणजे १९,६००. त्यास १३५ नीं गुणून २६,४६,०००. त्यास ११,८८० नीं भागून सुमारें २२३ किलो. याची चौथाई ५५-५६ किलो होते. कायद्याप्रमाणें ७० किलोंपर्यंत चालेल, पण ७० किलो म्हणजे या तट्टाच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या जवळ गेलें. सपाट वाटेवर, घटकाभराच्या चालीस तें एक वेळ निभेल. रोजच्या मजलीस व घाटाच्या चढणीस निभणार नाहीं. सोन्यासारख्या जनावरावर पंधरा किलोंची आशा धरून तें गमावण्यांत व्यवहार नाहीं. याच नियमांत गाडीसंबंधानें असें म्हटलें आहे कीं, तीस मीटरांस तीन मीटरांहून अधिक अशी चढण सलग किलोमीटरभर असेल तर गाडींतील ओझें निम्म्यावर आणावें. पाठीवरच्या ओझ्यासही हाच न्याय सुज्ञ मालकानें लावून घ्यावा.

आणखी दोन गोष्टी हिशेबांत धराव्या. खोगिराचें व त्याखालच्या घोंगड्यांचें वजन ओझ्यांतच मोजावें. आणि पाऊस पडून भिजलेलें पाल व वाघूर कोरड्याच्या कितीतरी पट जड होतें, हें विसरूं नये. सकाळीं बरोबर असलेलें ओझें संध्याकाळीं वळवाच्या सरीनंतर बरोबर राहत नाहीं.

ओझें कसें लादावें?

किती याइतकेंच कसें यालाही महत्त्व आहे. घोड्याच्या पाठीचा कणा हा भार सोसण्याचा भाग नव्हे. भार दोन्ही बाजूंच्या बरगड्यांवरील मांसल भागानें सोसावयाचा असतो. म्हणून खोगिराच्या किंवा गादीच्या मध्यें कण्यावर पन्हाळीसारखी मोकळी जागा असलीच पाहिजे. खोगीर घातल्यावर पुढून पाहिलें असतां त्या पन्हाळींतून पलीकडचा उजेड दिसावा. उजेड दिसत नसेल तर तें खोगीर त्या घोड्याचें नव्हे, असें समजावें. दुसऱ्या घोड्याचें खोगीर याला चालेल, ही समजूत दुसऱ्याचा जोडा आपल्या पायांत चालेल अशा समजुतीपैकींच आहे.

खोगिराखालीं जाड लोंकरी घोंगडी चार पदरी घालावी. तिला सुरकुती नसावी आणि कुसळें, काटे, वाळू झटकून टाकावी. घोंगडी पुढें टाकून मग केसांच्या दिशेनें मागें सरकवावी, म्हणजे खालचे केस उलटे होत नाहींत. तंग इतकाच आवळावा कीं, त्याखालीं दोन बोटें शिरावीं. घाट उतरतांना ओझें पुढें सरकतें, त्याला शेपटीखालची दुमची आवरते; चढतांना मागें सरकतें, त्याला छातीवरचा पट्टा आवरतो. डोंगराच्या वाटेस ही दोन्ही पाहिजेत.

दोन्ही बाजूंचें वजन सारखें असावें, हा नियम सर्वांस तोंडपाठ आहे, पण तोलून कोणी पाहत नाहीं. एका अंगास तीस व दुसऱ्या अंगास पंचवीस किलो असलें तर खोगीर जड बाजूस ओढलें जातें आणि हलक्या बाजूची कड कण्यावर चढून घासते. दहा कोसांच्या मजलींत एवढी घासणी पाठ सोलण्यास पुरेशी आहे. हातांत धरावयाचा साधा तोलकांटा फार महाग नसतो. एका वाड्यांत एक असला तरी पुरे. जड वस्तु खालीं व पोटाशीं, हलक्या वर ठेवाव्या. ओझ्याचा ढीग उंच झाला म्हणजे तो डुलतो, आणि प्रत्येक डुलण्याबरोबर पाठीस हिसका बसतो. निघाल्यापासून अर्ध्या तासानें एकवार थांबून तंग पाहावा, कारण तेवढ्या वेळांत घोंगडी दबून तो ढिला झालेला असतो.

पाठीची परीक्षा

मुक्कामास पोंचल्यावर ओझें उतरावें, पण खोगीर ताबडतोब ओढून काढूं नये. तंग ढिला करून घोडें थोडा वेळ तसेंच उभें करावें व पाठ थंड होऊं द्यावी. नंतर खोगीर काढून तळहात पाठीवरून सावकाश फिरवावा. कोठें ऊन लागलें, फुगवटा लागला, किंवा घोड्यानें कातडी थरथरविली, तर तेथें दाब पडला आहे हें निश्चित. घामानें सर्व पाठ ओली असतां मध्येंच एखादा ठिपका कोरडा दिसला तर तोही दाबाचेंच लक्षण होय. त्यावर थंड पाण्याची घडी ठेवावी व दुसऱ्या दिवशीं तें घोडें रिकामें चालवावें. जखम झाली असेल तर ती स्वच्छ मिठाच्या पाण्यानें धुवावी, माशा बसूं देऊं नयेत, आणि पूर्ण भरून येईपर्यंत पाठीवर कांहींही घालूं नये. जखमेवर गादी टाकून काम चालविणें हें जनावराच्या दृष्टीनें क्रूरपणाचें आहेच. शिवाय जखम, आजार किंवा म्हातारपण यांमुळें कामास निकामी झालेल्या जनावरास कामास लावणें हा १९६० च्या प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमान्वयें अपराध आहे.

घोडें विकत घेणाऱ्यानेंही पाठच आधीं पाहावी. खोगिराच्या जागीं रंगाच्या घोड्यास पांढऱ्या केसांचे ठिपके असतील तर तेथें पूर्वीं दाबाची जखम होऊन गेली आहे असें समजावें. कारण तेथील केसांच्या मुळांना इजा झाली म्हणजे पुन्हां उगवणारे केस बहुधा पांढरे येतात. विकणारा काय सांगतो याहून तो ठिपका काय सांगतो तें अधिक विश्वासाचें असतें. तसेंच चारही खूर उचलून पाहावे. खूर दर सहा ते आठ आठवड्यांनीं कापून सारखे करावे लागतात. वाढलेल्या खुरांनीं घोडें ठेंचाळतें आणि ओझ्यासह पडतें.

चारापाणी व रोग

आमचे शेतकरी बैलाचें पोट जाणतात, घोड्याचें जाणत नाहींत. आणि येथेंच पुष्कळ नुकसान होतें. घोडें रवंथ करीत नाहीं, आणि त्याला ओकारीही होऊं शकत नाहीं. म्हणून एकाच वेळीं पुष्कळ दाणा घातला, तर पोटशूळ उठून तें तासाभरांत लोळूं लागतें व कित्येकदां दगावतें. त्याला थोडें थोडें व वरचेवर द्यावें. वर ज्या २२३ किलोंच्या तट्टाचा हिशेब केला त्याला दिवसास साडेचार-पांच किलो कोरडा चारा लागतो. कष्टाच्या दिवशीं त्यांतला कांहीं भाग भिजविलेला हरभरा किंवा भरड अशा दाण्यानें भरून काढावा. बुरशी आलेला कडबा कधींही घालूं नये. उन्हाळ्यांत कष्ट करणाऱ्या घोड्यास वीस ते चाळीस लिटर पाणी लागतें.

एका गोष्टीची धोक्याची सूचना अवश्य लक्षांत ठेवावी. गुरांच्या व कोंबड्यांच्या कांहीं तयार खाद्यांत मोनेन्सिन नांवाचें औषध मिसळलेलें असतें. तें गाईला चालतें, पण घोड्यास विष होतें. थोड्या मात्रेनेंही त्याचें हृदय बिघडतें. म्हणून गोठ्यांतील पेंडीचें उरलेलें पोतें दयाबुद्धीनेंसुद्धां पाहुण्या घोड्यापुढें ओतूं नये.

रोगांपैकीं तीन रोगांचीं नांवें प्रत्येकास ठाऊक असावीं. पहिला धनुर्वात. घोडा या रोगास फार लवकर बळी पडतो. खुरांत खिळा जाणें किंवा पाठीची क्षुल्लक जखम एवढेंही कारण त्याला पुरतें. त्याची लस मिळते. ती टोंचून घ्यावी. दुसरा सर्रा. हा रक्तांतील सूक्ष्म जंतूंमुळें होतो व चावणाऱ्या मोठ्या माशा तो पसरवितात. ताप येऊन जातो, पुन्हां येतो, घोडें खंगत जातें, पोटाखालीं व पायांवर सूज येते. तिसरा ग्लँडर्स. नाकांतून घट्ट चिकट स्राव, नाकाच्या आंत व्रण, अंगावर गांठी येऊन त्या फुटणें, हीं त्याचीं लक्षणें. हा रोग माणसासही होतो व प्राणघातक ठरूं शकतो. २००६ सालीं पुणें व आपल्याच जिल्ह्यांतील पांचगणी येथील घोड्यांत तो आढळला होता, म्हणून ही दूरची गोष्ट समजूं नये. असा संशय येतांच घोडें निराळें बांधावें, त्याचें पाण्याचें भांडें कोणासही देऊं नये, आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यास ताबडतोब कळवावें. रोग लपविल्यानें एक घोडें वांचत नाहीं. उलट बाकीचीं जातात आणि माणसेंही धोक्यांत येतात.

वाडा शेतांत उतरतो तेव्हां

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचा घोड्याशीं संबंध येतो तो मालक या नात्यानें नव्हे, तर यजमान या नात्यानें. मेंढरें शेतांत बसविण्यासाठीं धनगरास बोलाविण्याची चाल जुनी आहे. लेंडी व मूत जागच्या जागीं पडून जमिनीस असें खत मिळतें कीं, तें वाहून नेण्याचा व पसरण्याचा खर्चच नाहीं. त्याबद्दल आपण धान्य किंवा रोख रक्कम देतों. पण मेंढरें शेतांत येतात तीं घोड्यांमुळें. घोडें नसेल तर पाल येत नाहीं, वाघूर येत नाहीं, आणि वाघुरेवांचून रात्रीं मेंढरें एका जागीं बसत नाहींत. म्हणून ज्याला खत हवें आहे त्याचा घोड्याच्या पाठीशींही संबंध आहे.

यजमानानें चार गोष्टी पाहाव्या. पहिली, ज्या बांधावर तणनाशक अथवा कीटकनाशक फवारलें आहे तो बांध वाडा उतरण्यापूर्वींच स्वतः जाऊन दाखवावा; फवाऱ्याचे रिकामे डबे तेथें पडूं देऊं नयेत. दुसरी, पाण्याची जागा दाखवावी, आणि तेथपर्यंतच्या वाटेवर तुटक्या तारा, फुटक्या बाटल्या असतील तर त्या उचलाव्या. तिसरी, पाण्याअभावीं खुरटलेल्या कोंवळ्या ज्वारींत जनावरें जाऊं नयेत म्हणून तें शेत आधींच सांगावें. अशा ज्वारींत विष उत्पन्न होतें. चौथी, मुक्काम हलवावयाचा दिवस ठरवितांना घाई करूं नये. "आज रात्रींच शेत मोकळें करा" असें सांगितलें म्हणजे तें बिऱ्हाड अंधारांत, भिजलेल्या पालासह, दोन खेपांचें ओझें एका खेपेंत लादून हमरस्त्यावर येतें. साताऱ्याहून कऱ्हाडवरून जाणाऱ्या महामार्गावर रात्रीं भरधांव धांवणाऱ्या मोटारी घोड्यास पाहून थांबत नाहींत. सकाळची वाट दिली तर आपलें कांहीं जात नाहीं. त्यांचें मात्र घर वांचतें.

आमच्या डोंगरपट्ट्यांतील ज्या बांधवांच्या शेतास गाडीवाट नाहीं, त्यांनींही दोन-तीन घरांत मिळून एक तट्टू किंवा दोन गाढवें ठेवण्याचा विचार करून पाहावा. माथेरानांत मोटारीस मज्जाव आहे. तेथें पुष्कळसें सामान घोड्यांच्या पाठीवरून जातें, आणि तें गांव नांदतें आहे. खताचीं पोतीं डोक्यावरून चढवून बायकांनीं आपल्या माना व गुडघे झिजवावे, त्यापेक्षां बेताच्या ओझ्यानें, बेताच्या चालीनें, एका जनावराकडून तें काम घेणें दोघांच्याही हिताचें आहे. मात्र ठेवावयाचें तर हिशेबानें ठेवावें: वजन मोजून, ओझें तोलून, पाठ रोज पाहून.

आमची हयात खतावण्यांत व आंकड्यांत गेली. त्यामुळें हिशेबाचा एवढा आग्रह धरिला, असें कोणी म्हटल्यास तें खरेंच आहे. परंतु खतावणींत जमेपेक्षां खर्च वाढला तर निदान लाल शाईनें तो दिसतो. मुक्या जनावराच्या खात्याला लाल शाई नाहीं. तेथें शिल्लक संपली हें पाठ उघडी पडल्यावरच कळतें. तें कळण्याच्या आधीं थांबणें, हेंच मालकाचें काम आहे.